बेटकास्टिंग रीलवर लाइनचा गुंता झाला की आधी ओढणं थांबव

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की दोन महिन्यांपूर्वी मासेमारीच्या गळाचं पहिलं बेटकास्टिंग रील घेतलं, त्यावर ४० पाउंडाची ब्रेड, म्हणजे धाग्यांची विणलेली लाइन, काठोकाठ भरली, १० ग्रॅमचा रबरी बेडूक आमिष म्हणून लावून मरळीसाठी टाकून राहिलास, ब्रेकचा आकडा ३ वर आहे, आणि दर तिसऱ्या-चौथ्या कास्टला, म्हणजे फेकीला, स्पूलवर, म्हणजे लाइन गुंडाळलेल्या चाकावर, असा गुंता होतो की अर्धी सकाळ तो सोडवण्यातच जाते, दोनदा तर लाइन कापूनच टाकली. आणि शेवटी विचारलंयस की काका, हे विकून परत स्पिनिंग घेऊ का.

नको विकू. मी गेली बावीस वर्षं खिंडसी, कन्हानचे डोह, उमरेडकडची तळी, जिथं जिथं मच्छीमार सोसायटीवाले हो म्हणतील तिथं गळ टाकून राहिलो, त्यातली सोळा वर्षं बेटकास्टरवर, आणि आठ-दहा पोरांना हे रील हातात धरून शिकवलंय, त्यातल्या एकूण एकाचा पहिला महिना तुझ्यासारखाच गेला. रील खराब नाहीये. तू लिहिलेल्या सेटिंगवर माझ्याही हातात ते गुंतलंच असतं.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसव, बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. तो गुंता दिसतो भयानक पण त्यात गाठ एकही नसते. विचार कर, लाइनचं एक टोक आत स्पूलच्या दांड्याला बांधलेलं आहे, दुसरं टोक रॉडच्या सगळ्या रिंगांमधून जाऊन बेडकाला बांधलेलं आहे, दोन्ही टोकं अडकलेली असताना मधल्या लाइनला खरी गाठ पडणार कुठून? पडू शकत नाही. ते फक्त ढिले फेरे असतात, एकावर एक चढलेले, एकाखाली एक दबलेले. गाठीसारखं जे होतं ते आपण चिडून ओढतो तेव्हा होतं, एक फेरा दुसऱ्या फेऱ्याला फास लावतो, तो आवळतो, त्याच्यावर तिसरा आवळतो, आणि मग नखानं पण सुटत नाही. तू दोनदा कापलीस ना, मी सांगतो, दोन्ही वेळेला पहिल्या दहा सेकंदात तू जोरात खेचलं असशील. मी पण खिंडसीच्या काठावर एका सकाळी हेच केलं होतं, समोर मरळ उसळी मारून गेली, घाईघाईत खेचलं, आणि साठेक मीटर नवी लाइन कापून घरी आलो. तेव्हापासून गुंता झाला की मी पहिले रॉड खाली टेकवतो आणि हात रीलवरून काढून घेतो, मग बाकीचं.

हे होतं कशानं तेही समजून घे. संक्रांतीला चक्री धरलीच असशील. पतंगवाला सपासप ढील देऊन राहिला असतो, चक्री गरगरा फिरत असते, आणि तो एकदम थांबतो, पण चक्री धरणाऱ्यानं ती थांबवली नाही तर ती आपल्या वेगात फिरतच राहते आणि मांजा ढिला होऊन हातावर, पायात, सगळीकडे पडतो. बेटकास्टिंग रील म्हणजे तीच चक्री. स्पिनिंग रीलमध्ये कास्ट करताना स्पूल जागच्या जागी उभा असतो, लाइन नुसती त्याच्या कडेवरून सुटत जाते, म्हणून तिथं हा प्रकार नाही. इथं स्पूल स्वतः फिरतो. बेडूक हवेत गेला की स्पूल त्याच्यामुळे फिरायला लागतो, पुढं हवेच्या अडथळ्यानं बेडकाचा वेग कमी होत जातो पण स्पूलला ते माहीत नसतं, तो आपल्या जोरात फिरून लाइन सोडत राहतो, आणि जेवढी लाइन बेडूक घेऊन जात नाही तेवढी स्पूलवरच फुगून बसते. बॅकलॅश म्हणतात तो हाच.

आता सोडवायचं कसं. बेडूक पाण्यात असेल तर पहिले रॉडच्या टोकापुढची लाइन हातानं हळूहळू ओढून बेडूक काठावर घे, लाइन स्वच्छ गवतावर पडू दे, काट्यात किंवा गोट्यांत नको. बेडकाचा डबल हुक एखाद्या काठीत नाहीतर बॅगेच्या पट्ट्यात नीट अडकवून ठेव. खाली वाकून गुंता सोडवताना रॉड हलतो आणि हुक मांडीत जातो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून सांगतो.

गुंता हलका असेल, म्हणजे स्पूलवर पाच-दहा फेरे वर आलेले दिसतात आणि बाकी खाली लाइन नीट बसलेली आहे, तर हे कर. हँडलजवळचा ड्रॅगचा तारा, म्हणजे मासा ओढतो तेव्हा लाइन किती जोरावर सुटावी ते ठरवणारी चांदणीसारखी चकती, पूर्ण घट्ट कर. अंगठा गुंत्यावर ठेवून चांगला जोर देऊन दाब, आणि तसाच दाबून धरून हँडल पाच-सहा वेळा फिरव. स्पूल अंगठ्याखालून घासत फिरेल. ड्रॅग ढिला ठेवला तर स्पूल फिरणारच नाही, नुसतं हँडल फिरेल, म्हणून आधी ते घट्ट करायला सांगितलं. मग खटका दाबून स्पूल मोकळा कर आणि रीलच्या पुढून लाइन बोटांच्या चिमटीत धरून हळू काढ. येईल तेवढी घे. अडली की तिथंच थांब, पुन्हा अंगठा, पुन्हा पाच-सहा फेरे, पुन्हा काढ. अंगठ्याच्या दाबानं ते वर आलेले फेरे फिरण्याच्या दिशेनं ओढले जाऊन सपाट होतात आणि एकमेकांखालून सुटतात. रोजच्या गुंत्यांपैकी बरेचसे एवढ्यानंच जातात, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. पण दोन-तीन वेळा करून सुटला नाही तर हे थांबव, विशेषतः ब्रेडवर, कारण मग अंगठ्याचा दाब सोडवायच्या ऐवजी फेरे खाली दाबायला लागतो आणि ब्रेड आपल्याच थरात रुतून बसते.

मोठ्या गुंत्याला दुसरा रस्ता. इथं वेळ द्यावा लागतो, आणि यातच सगळे चुकतात म्हणून जरा सविस्तर लिहितो. सावलीत बस, रील मांडीवर घे, खटका दाबलेला ठेव म्हणजे स्पूल मोकळा फिरेल. पुढून लाइन हलकेच ओढ, अगदी हलकेच, सुतळी नाही लोकर ओढतोयस असं समज. ती जिथं अडेल तिथं स्पूलवर नीट पाह्य. एक जागा दिसेल जिथं तू ओढतोस ती लाइन एका आडव्या फेऱ्याच्या खाली जाऊन राहिली, आणि ओढलं की तोच फेरा ताणला जातो, बाकीचे ढिलेच राहतात. तो फेरा गुन्हेगार. ओढणं सोड. त्या फेऱ्याखाली बोट नाहीतर काहीतरी बोथट घाल आणि त्याला वर उचलून वितभर बाहेर ओढ. आता बाहेर एक लांब फास लोंबतोय असं दिसेल, घाबरू नको, तो कापू नको, त्याच्यातून टोकबीक काही घालू नको. परत पुढून लाइन ओढ, तो लोंबणारा फास आपोआप आत ओढला जाईल आणि मीटर-दोन मीटर लाइन सटकन मोकळी येईल. मग पुढचा अडथळा, पुन्हा तेच, शोध, उचल, वितभर काढ, पुढून ओढ. कधी डावीकडे सापडेल, कधी उजवीकडे. मोठ्यात मोठा गुंता पण असे बारा-पंधरा फेरे उचलले की सुटतो, फक्त एका वेळेला एकच फेरा, दोन एकदम उचलले की आपण नवीन गुंता तयार करतो.

उचलायला मी घरातली क्रोशाची जुनी सुई ठेवतो, तिचं टोक गोल असतं. टूथपिक पण चालते. शिवणाची सुई, कंपासचं टोक, हुकचं टोक असलं टोकदार काही वापरू नको, ब्रेडचे धागे उसवतात आणि ते तुला दिसत पण नाही, पुढच्या रविवारी मासा लागल्यावर कळतं. दर दोन-चार ओढण्यांनंतर स्पूल अंगठ्यानं दोन्हीकडे थोडा थोडा मागेपुढे हलव, फेरे सैल होतात. घाम आलेल्या हातानं ब्रेड चिकटते, हात पुसून घे.

कधी कधी लाइन स्पूलच्या कडेवरून घसरून स्पूल आणि फ्रेमच्या मधल्या फटीत जाते. ओळखायचं कसं, तर स्पूल जड फिरतो आणि वरती गुंता तेवढा दिसत नाही. तेव्हा हँडल फिरवायचंच नाही, साइड प्लेट उघडायची, स्पूल अर्धा बाहेर काढायचा आणि दांड्याला गुंडाळलेली लाइन उलटी सोडवायची. साइड प्लेट काठावर उघडताना खाली रुमाल पसर, आतले बारीक तुकडे मातीत पडले की संपलं. बारीक ब्रेडला हा त्रास जास्त होतो.

कात्री शेवटी. आणि का शेवटी ते सांगतो. पुष्कळ जण गुंता झाला की पहिले बेडूक कापून टाकतात, म्हणजे टोक मोकळं, काढायला सोपं. नेमकं उलटं होतं. मघाशी म्हटलं ना की दोन्ही टोकं अडकलेली आहेत म्हणून गाठ पडू शकत नाही, तर टोक मोकळं केलं की ते एखाद्या फेऱ्यातून जायला रस्ता मोकळा होतो आणि मग मात्र खऱ्या गाठी पडतात. म्हणून वीस मिनिटं मनापासून प्रयत्न करूनही हलत नसेल तरच काप, आणि ब्लेड स्पूलवर चालवू नको, कडेला ओरखडा पडला की पुढं जी लाइन भरशील ती तिथं घासली जाईल. छोटी कात्री, वरचे थर थोडे थोडे कापत जायचं, खालचा नीट बसलेला थर लागला की थांबायचं. कापलेली सगळी लाइन खिशात. एक तुकडा पण काठावर सोडायचा नाही. पायात नायलॉन गुंडाळलेला बगळा मी तलावाच्या काठावर पाहिलाय, त्याला धरून सोडवता पण येत नाही, जवळ गेलं की उडतो आणि झाडात लटकतो. गाईम्हशी चरताना गवतासोबत खातात ते वेगळंच.

गुंता सुटला म्हणजे लगेच पुढचा कास्ट असं करू नको. सुटलेली सगळी लाइन नखांच्या मधून ओढून तपास. तंगूस असेल, म्हणजे साधी नायलॉन मोनो, तर जिथं ती कडक वळली असेल तिथं पांढरट ठिपका दिसतो, तिथं ती कमजोर झालेली असते. फ्लुरोकार्बनची लाइन यात सगळ्यात वाईट, एकदा कोपरा पडला की तिथून तुटणारच. ब्रेडला कोपरा पडत नाही, पण केसाळ झाली का ते पाह्य. खराब जागा पहिल्या पाच-सात मीटरमध्ये असेल तर तेवढी कापून बेडूक परत बांध. मग एक लांब कास्ट मारून किंवा लाइनचं टोक झाडाला बांधून तीस-चाळीस पावलं मागं चालत जाऊन, ओल्या फडक्यात लाइन चिमटीत धरून ताणात गुंडाळ. ढिली गुंडाळलेली लाइन म्हणजे पुढचा गुंता तू आत्ताच भरून ठेवला.

आता गुंता होऊ नये म्हणून काय. तू लिहिलंस की दुकानदारानं सगळं सेट करून दिलंय आणि त्यानंतर हातच लावला नाही. दुकानातलं सेटिंग तू बांधलेल्या वजनाचं नसतं, वजन बदललं की सेटिंग बदलतं, दर वेळेला, मी आजही बदलतो.

हँडलच्या बाजूला ताऱ्याच्या बाहेर एक छोटा गोल नॉब असतो तो टेन्शनचा. जे टाकणार आहेस तेच टोकाला बांध, रॉड छातीच्या उंचीवर आडवा धर, रॉडच्या टोकापासून बेडूक वितभर लोंबू दे. नॉब घट्ट करून खटका दाब, बेडूक जागचा हलायला नको. आता नॉब थोडा थोडा ढिला कर, बेडूक संथपणे खाली उतरायला लागेल, विहिरीत बादली सोडतो तसा. जमिनीला टेकल्यावर स्पूल फिरायचा थांबला पाहिजे, फार तर एखादा फेरा वर यावा. शिकताना एवढं पुरे. हात बसल्यावर हा नॉब फक्त एवढाच ठेवायचा की स्पूल डावीउजवीकडे खडखड हलणार नाही, आणि बाकीचं काम ब्रेक आणि अंगठ्यावर सोपवायचं, कारण हा नॉब स्पूलचा दांडा दोन्ही बाजूंनी दाबून कास्टभर सारखाच अडवत राहतो, त्यामुळे लांबी मरते.

ब्रेक दुसऱ्या बाजूला, साइड प्लेटवर. तुझ्या रीलवर ० ते १० असा आकडा बाहेरूनच फिरतो म्हणालास म्हणजे तो बहुतेक मॅग्नेटिक असावा. त्यात अ‍ॅल्युमिनियमच्या स्पूलजवळ छोटे चुंबक असतात, स्पूल फिरला की त्याच्यात विजेचे भोवरे तयार होतात आणि ते त्यालाच मागं ओढतात, स्पूल जेवढा जोरात तेवढा ब्रेक जास्त, काही घासत नाही म्हणून झिजत पण नाही. दुसरा प्रकार सेंट्रिफ्युगल, साइड प्लेट उघडली की आत चार-सहा छोट्या प्लास्टिकच्या पिना दिसतात, त्या फिरण्याच्या जोरानं बाहेर फेकल्या जाऊन कड्याला घासतात. त्यांचा जोर वेगाच्या वर्गाच्या हिशोबानं वाढतो म्हणून त्या कास्टच्या सुरुवातीला जोरात धरतात आणि शेवटी जवळजवळ सोडून देतात. त्यात पिना चालू करताना समोरासमोरच्या जोडीनं कर, एकाच बाजूच्या केल्या तर स्पूल थरथरतो.

१० ग्रॅमचा बेडूक आणि ब्रेक ३ वर, इथंच तुझी गडबड आहे. पोकळ बेडूक हलका असतो आणि फुगीर, हवेत जाऊन लवकर मंदावतो, त्याला ब्रेक जास्त लागतो. ८ वर ने. कास्ट आखूड पडेल, पडू दे. पंधरा-वीस कास्ट गुंता न होता गेले की एक आकडा खाली, परत वीस कास्ट, परत एक आकडा. वारा समोरून आला की दोन आकडे वर, आणि बेडूक आभाळात न फेकता पाण्यालगत खालून फेक. आपल्याकडे मे-जूनमध्ये दुपारी वावटळ उठते तेव्हा मी बेडूक ठेवूनच देतो, वाऱ्याला पाठ देता आली तरच टाकतो.

आणि अंगठा. हे रील मुळात अंगठ्यासाठीच बनलंय. अमेरिकेतल्या केंटकीत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉर्ज स्नायडर नावाच्या घड्याळं बनवणाऱ्या कारागिरानं दातेरी चाकं लावलेलं, हँडलच्या एका फेऱ्यात स्पूलचे अनेक फेरे होणारं रील केलं, तिथून या रीलची परंपरा सांगतात, आणि त्या जुन्या रीलांवर चुंबक नव्हते की पिना नव्हत्या, अंगठा हाच ब्रेक होता. आता तर डिजिटल ब्रेकवाली रील आली आहेत, शिमानो कंपनीच्या डीसी रीलमध्ये स्पूलच्या फिरण्यावरच वीज तयार होते आणि आतली चिप सेकंदाच्या बारीक हिश्श्यात ब्रेक कमीजास्त करते, बॅटरी पण लागत नाही. मी एका मित्राचं वापरून पाहिलं, छान आहे, पण बेडूक पाण्यावर पडल्यावर अंगठा ठेवला नाही तर तेही गुंततं.

अंगठ्याची कामं तीन. कास्ट मारताना तो स्पूलवर दाबलेला असतो आणि योग्य क्षणी सुटतो. बेडूक हवेत असताना तो स्पूलला स्पर्श होईल न होईल असा वर तरंगत असतो, लाइन फुगायला लागली की ती अंगठ्याला गुदगुली केल्यासारखी लागते, तेवढ्यावर हलकासा टेकवायचा, दाबायचा नाही. आणि बेडूक पाण्याला लागायच्या एक क्षण आधी स्पूल पूर्ण थांबवायचा. हे तिसरं सगळे विसरतात कारण डोळे बेडकावर असतात, तो कुठं पडला, जलकुंभीच्या फटीत गेला का, आणि अंगठा राहून जातो.

तुझा गुंता नेमका कधी होतो हे ओळखायला एक खूण आहे. बेडूक पाच-दहा मीटरवरच झटका खाऊन मागं आला आणि गुंता खोल, घट्ट, तर तो सुरुवातीचा गुंता आहे, तू रॉड झटक्यानं मारून राहिलास, स्पूल एकदम उसळतो आणि बेडकानं वेग घ्यायच्या आत लाइन फुगते. बेडूक नीट लांब गेला, पाण्यावर पडला, आणि मग वरवर ढिले फेरे दिसले, तर तो शेवटचा गुंता, अंगठा उशिरा. मधेच हवेत अडखळला तर ब्रेक कमी नाहीतर वारा. ओळखल्याशिवाय नॉब फिरवत बसलास तर कधीच बसणार नाही.

सुरुवातीच्या गुंत्याला उपाय मनगटाचा. रॉडच्या टोकाखाली वितभर-दीड वीत लाइन सोडून ठेव, टोकाला चिकटवून मारू नको. रॉड मागं नेल्यावर क्षणभर वजन टोकावर जाणवू दे आणि मग सारख्या वाढत्या वेगानं पुढं आण. दगड भिरकावतात तसं नाही, गोफण फिरवून सोडतात तसं. कास्ट करताना रील थोडं तिरपं कर म्हणजे हँडल आभाळाकडे राहील, उजव्या हातानं टाकतोस म्हणून, मनगट मोकळं चालतं. ताकद लावायचीच नाही, रॉडला करू दे काम.

लाइनबद्दल माझं स्पष्ट मत आहे, शिकताना ब्रेड नको. ४० पाउंडाची ब्रेड मरळीला बरोबर आहे, जलकुंभीतून ओढून काढायला तीच लागते, पण शिकताना ०.३५ मिलिमीटरच्या आसपासची साधी मोनो भर, आणि स्पूल अर्धाच भर. मोनोचे फेरे जाड आणि ताठ असतात, डोळ्यांना दिसतात, उचलता येतात. स्पूल अर्धा भरला की तो हलका राहतो, हलकी चक्री लवकर थांबते, गुंता कमी. महिन्यानं परत ब्रेड भरशील तेव्हा पण काठोकाठ नको, कडेपासून ३ मिलिमीटर जागा सोड. तू काठोकाठ भरली आहेस तीही कमी कर. आणि ब्रेड थेट गुळगुळीत दांड्याला बांधू नको, खाली आधी थोडी मोनो गुंडाळ नाहीतर दांड्यावर चिकटपट्टीचा एक वेढा दे, नाहीतर सगळी ब्रेड एकगठ्ठा दांड्यावर घसरते आणि आपल्याला वाटतं ड्रॅग गेला.

अजून एक युक्ती, हिनं माझी किती लाइन वाचवली ते मलाच माहीत. मोकळ्या जागेत तुला जमतो तेवढा लांब कास्ट मार, मग हातानं आणखी दहा-बारा मीटर लाइन काढ, आणि स्पूलवर जी लाइन उरली तिच्यावर इलेक्ट्रिकची चिकटपट्टी एक वेढा गुंडाळून टाक. वरून लाइन परत भर. आता कितीही वाईट गुंता झाला तरी तो पट्टीच्या खाली जाऊ शकत नाही. फक्त मोठा मासा लागून लाइन पट्टीपर्यंत गेली तर अडचण, म्हणून मरळीच्या जागी जाताना पट्टी काढून जायची, सरावाला ठेवायची.

सराव पाण्यावर नको. घराजवळच्या लेआउटमधलं गवताचं मोकळं मैदान पाह्य, सकाळी सहाला, पोरं क्रिकेटला यायच्या आधी. हुक नसलेलं १५ ते २० ग्रॅमचं रबरी किंवा प्लास्टिकचं प्रॅक्टिस वजन बांध, नटबोल्ट बांधू नको, सुटलं तर कोणाचं डोकं फुटेल. पंधरा पावलांवर गमछा टाक आणि त्याच्यावर पाडायला शिक, लांब मारायला नाही. डांबरावर किंवा मुरमावर लाइन ओढू नको, घासते. रोज वीस मिनिटं, दहा दिवस, या हिशोबानं अंगठा बसतो, माझ्या सगळ्या पोरांचा बसलाय.

उन्हाळ्यात रील गाडीच्या डिकीत ठेवायचं नाही. आपल्याकडे बाहेर ४५ अंश असतं तेव्हा डिकीत किती होत असेल, मोनो त्यात कडक आणि गुंडाळीच्या आकाराची होते, पाण्यावर टाकली की स्प्रिंगसारखी उसळते, आणि तो गुंता सेटिंगनं जात नाही, लाइन बदलावी लागते. घरी आलास की ड्रॅगचा तारा ढिला करून ठेव, स्पूलवर ओलं फडकं फिरव, सावलीत ठेव.

पावसाळा लागला की मरळ पिल्लांसोबत असते, पाण्यावर लालसर पिल्लांचा गोळा वरखाली होताना दिसेल, त्याच्यावर बेडूक टाकू नको, ती राखण करणारी असते, ती गेली की सगळी पिल्लं दुसरे मासे खाऊन टाकतात. आणि पेंचच्या जंगलातल्या पाण्यात कोणी ये म्हटलं तरी जाऊ नको, तिथं बंदी आहे.

तर आधी दहा दिवस मैदान, मग दोन-तीन रविवार उघड्या पाण्यावर मोनो आणि १५ ग्रॅमचं काहीतरी जड, पहाटे वारा नसताना. त्यानंतर ब्रेड आणि बेडूक. बेडूक परत लावशील त्या दिवशी ब्रेक पुन्हा ८ वर नेऊनच पहिला कास्ट मार, मैदानावर ४ वर आला होता म्हणून ४ वर ठेवू नको, वजन बदललंय. क्रोशाची सुई शर्टाच्या खिशात ठेव, बॅगेत ठेवलीस तर वेळेवर सापडत नाही.